आभार एकाच माणसाचे

"वैद्यकशास्त्र पुढे नेलं ते रोग्यांनी नव्हे, आणि डॉक्टरांनी तर मुळीच नव्हे. ते नेलं टेबलाशी बसलेल्या, नाव नसलेल्या लेखकांनी. आणि आज त्यांच्यापैकी एकाला न्याय मिळाला आहे."

हे मी उभ्याने, उजवा हात थोडा पुढे करून म्हणालो. श्रोतृवर्ग म्हणजे आमच्या सौ. शालन. तिच्या हातात दुधाची पिशवी होती आणि पिशवीला भोक होतं.

"आधी पातेलं द्या," ती म्हणाली. "न्याय मग मिळू दे."

मी पातेलं दिलं. मात्र न्याय खरोखरच मिळाला होता, म्हणजे निदान फोनवर तसं कबूल झालं होतं.

मी तेव्हा पुण्यात वैद्यकीय लेखक-संपादक होतो. हा व्यवसाय नेमका काय असतो ते माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. ते लोकांना सांगत, "जावई औषधाच्या दुकानात लिहायला आहे." त्यात फार चूक नव्हती. पुष्कळ डॉक्टरांना ऑपरेशन उत्तम करता येतं, पण केलं ते लिहिता येत नाही. ते आपली टिपणं औषध कंपन्यांच्या फुकट पॅडवर खरडून माझ्याकडे पाठवत. मी त्यांतून इंग्रजी लेख उभा करायचा, आकडे जुळवायचे, संदर्भ लावायचे आणि परदेशी मासिकाकडे रवाना करायचा. लेख छापून आला की त्यावर सर्जनचं नाव असे, मदतनिसाचं असे, त्या दिवशी महाबळेश्वरला गेलेल्या विभागप्रमुखांचंही असे. माझं कुठेच नसे. आम्हा लोकांबद्दल असा नियमच होता, आणि अर्धं आयुष्य मी तो नियम शहाण्या माणसासारखा पाळला होता. म्हणजे मनातल्या मनात जळत.

अशात डॉ. विद्याधर तासगावकरांचा फोन आला. ते साताऱ्याकडच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात सर्जन होते आणि त्यांना प्राध्यापक व्हायचं होतं. मुलाखत तोंडावर आली होती आणि पदरी परदेशी मासिकातला एक लेख असल्याशिवाय निवड समिती त्यांच्याकडे बघणार नव्हती. त्यांचा लेख तीन मासिकांनी परत केला होता. चौथ्यांदा तो लिहून देताना मी थोडा रुसलो. तेव्हा ते म्हणाले, "केळुसकर, ह्या वेळी शेवटी आभारात तुमचं नाव घालतो. छापील. सुधाकर केळुसकर, असं पुरतं."

मी त्या रात्री लेख असा लिहिला की अपेंडिक्सलासुद्धा भरून यावं.

कारण तो लेख अपेंडिक्सवर होता. डॉक्टरांकडे एक रोगी आला होता, पोटात डाव्या बाजूला असह्य दुखतंय म्हणून. अपेंडिक्स असतं उजवीकडे, त्यामुळे दोन दिवस कुणाला तो संशय आला नाही. शेवटी फोटो काढला तेव्हा कळलं की ह्या गृहस्थाच्या पोटातलं आणि छातीतलं सगळंच आरशात पाहिल्यासारखं उलटं आहे. काळीज उजवीकडे, यकृत डावीकडे आणि अपेंडिक्सही डावीकडे. असे लोक जगात थोडे असतात, पण असतात, आणि आपण असे आहोत हे ह्यांना अठ्ठावन्न वर्षं माहीत नव्हतं.

चौथ्या मासिकाने लेख घेतला. हे मासिक इंग्लंडातून निघे आणि त्याच्या दोन अटी होत्या. एक, संपूर्ण लेख रोग्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवून, समजावून, त्याची संमतीची सही घ्यायची. रोग्याचं नाव मात्र लेखात कुठेही द्यायचं नाही. दुसरी, एवढ्याशा लेखाला आभार एकाच माणसाचे, तेही एका ओळीत. इंग्रज माणूस कृतज्ञतासुद्धा मोजूनमापून देतो.

"त्या गृहस्थांकडे तुम्हीच जाऊन या," डॉक्टर म्हणाले. "मी गेलो की तो विचारतो, माझं अपेंडिक्स कुठं ठेवलंत. मला आठवत नाही हो कुठं ठेवलं."

मी जायला एका पायावर तयार होतो. एक सही आणली की माझं नाव छापून येणार होतं. मी मेहुण्याला सांगून टाकलं होतं, सोसायटीच्या चिटणीसांना सांगितलं होतं, आणि ज्यांना सांगायचं काही कारण नव्हतं अशा एका दाताच्या डॉक्टरांना तोंडात कापूस असताना सांगितलं होतं.

कोरेगावात रंगराव शिंगटे कुठे राहतात हे शोधायला त्रास पडला नाही. बैठं, पत्र्याचं घर, पुढे ओटा, ओट्यावर लोखंडी खुर्ची आणि खुर्चीत स्वतः रंगराव. उंच, खणखणीत आवाजाचे. एसटी स्टँडवर कंट्रोलर होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. सवय अजून गेली नव्हती. मी फाटकाशी असतानाच त्यांनी आत घोषणा केली, "पुण्याहून आलेले पाहुणे ओट्यावर पोचत आहेत. च्या टाका."

चहा घेऊन वहिनी आल्या आणि दाराच्या चौकटीला टेकून तिथेच थांबल्या. मी कागद काढले आणि इंग्रजीचं मराठी करत सांगू लागलो.

"अठ्ठावन्न वर्षांचा एक पुरुष..."

"पुरुष?" रंगराव म्हणाले. "गृहस्थ म्हणा की."

"तिकडे असंच लिहितात."

"बरं, लिहू द्या. पुढं."

"मध्यम बांधा, सुपोषित..."

"सुपोषित म्हंजे काय वो?" वहिनींनी चौकटीतून विचारलं.

"खाऊनपिऊन बरा."

"ते ऱ्हाऊ द्या. ते माझं काम हाय."

"पोटात डाव्या बाजूला दुखत असल्याची तक्रार रोग्याने केली."

रंगरावांनी कप खाली ठेवला. "मी तक्रार केली न्हाई. तीस वर्सं तक्रारवही माझ्या टेबलावर होती, साहेब. तक्रार करणारी माणसं मी वळखतो. मी फक्त दुखतंय म्हणून सांगितलं."

आमच्या धंद्याची एक बोली आहे. तिच्यात रोगी काही सांगत नाही, तक्रार करतो. नाही म्हणाला तर आरोपीसारखा नाकारतो. इंग्रजीत हे आयुष्यभर लिहिताना मला कधी खटकलं नव्हतं. त्या ओट्यावर मराठीत म्हणताना मात्र मी कुणावर तरी खटला भरतोय असं वाटू लागलं.

"रोग्याने दारू व तंबाखूचं सेवन नाकारलं," मी चाचरत म्हणालो.

"दारू नाकारली हे बराबर," वहिनी म्हणाल्या. "तंबाखू कवा नाकारली?"

"तू आत जा."

"कागदावर खोटं जाया नगं. विलायतेला चाललाय कागद."

मी पेन काढून तंबाखू लिहून घेतली. डॉक्टरांच्या टिपणातली ही चूक चार मासिकांचे आठ तज्ज्ञ वाचून गेले होते.

"कुटुंबाचा इतिहास उल्लेखनीय नाही."

आता मात्र रंगराव उभेच राहिले. "आमच्या घराण्यात उल्लेखनीय न्हाई? माझं चुलतं सातारच्या मैदानात मानाची गदा घेऊन आल्यालं हायत. आजोबांनी ह्या गावात पहिली सायकल आणली. कुणी सांगितलं उल्लेखनीय न्हाई म्हणून? त्या तासगावकरानं?"

"अहो, हे चांगलंच आहे," मी घाईघाईने म्हणालो. "वैद्यकशास्त्रात उल्लेखनीय माणसं लवकर जातात."

ते थोडं पटलं असावं. बसले.

काळजाच्या परिच्छेदाला वहिनी चौकट सोडून ओट्यावर आल्या. हृदय उजवीकडे आढळलं, हे मी दोनदा सांगितलं.

"आता मला सांगून काय उपेग," त्या म्हणाल्या. "लगीन झाल्यापास्नं मी डावीकडंच बोलत ऱ्हायले."

रंगराव ह्यावर हसले, आणि मला वाटलं काम झालं. मी संमतीचा कागद पुढे केला, सहीची जागा बोटाने दाखवली. त्यांनी पेन घेतलं, टोपण काढलं आणि विचारलं, "ह्यात माझं नाव कुठं आलं?"

"नाही येत. तसा नियम आहे. तुमची ओळख उघड होऊ नये म्हणून."

"कुणापास्नं लपवायचंय?"

"कुणापासून असं नाही..."

"काळीज माझं. आतडं माझं. दुखलं मला. कापलं मला. आणि नाव कुणाचं?"

मी लेखाचं पहिलं पान दाखवलं. त्यांनी ती नावं एकेक करून मोठ्याने वाचली, फलाटावर गाड्या लावाव्या तशी. तिसऱ्या नावाशी थांबले.

"हे कोण?"

"विभागप्रमुख."

"हे तिथं होतं?"

"नव्हते."

"मी होतो," रंगराव म्हणाले. त्यांनी पेनला टोपण लावलं.

मग मी माझं सगळं कौशल्य पणाला लावलं. म्हणालो, तुमचा फोटो येणार आहे.

"कशाचा?"

"पोटाचा."

"पोट बघून मला कोण वळखंल?"

"मी वळखीन," वहिनी म्हणाल्या.

मी म्हणालो, साताऱ्याच्या एखाद्या पेपरात तुमच्यावर मजकूर छापून आणतो, नावासकट. ते म्हणाले, साताऱ्याच्या पेपरात त्यांचं नाव निवृत्तीच्या वेळी आलं होतं, सतरा जणांत, तेही रंगनाथ म्हणून. मी म्हणालो, डॉक्टरांची मुलाखत जवळ आलीय, सही झाली नाही तर लेख पडेल, आणि लेख पडला तर त्यांचं प्राध्यापकपद जाईल. ते म्हणाले, डॉक्टर भला माणूस आहे, त्यांचं वाईट व्हावं असं आपल्याला वाटत नाही, पण भला माणूस एवढी एक ओळ लिहू शकतो.

एक ओळ म्हटल्यावर मी उगाच कागद चाळू लागलो. कारण तशी एक ओळ होती. लेखाच्या शेवटी होती आणि तिच्यावर माझं नाव होतं. रोग्याचं नाव रोगी म्हणून छापता येत नाही हे खरं. पण आभाराच्या ओळीत कुणा एका गृहस्थांचे मदतीबद्दल आभार मानले, तर ते गृहस्थ म्हणजेच तो रोगी, हे कळायला इंग्लंडातून कोरेगावला यावं लागलं असतं. हा मार्ग मला पहिल्या पाच मिनिटांतच दिसला होता. पुढचा पाऊण तास तो मी त्यांना दिसू देत नव्हतो.

मला कागद चाळताना पाहून रंगरावांना माझी दया आली असावी. ते आवाज उतरवून बोलू लागले.

"साहेब, तुम्हाला वाटंल म्हाताऱ्याला हाव सुटली. तसं न्हाई. मी केबिनमधी बसून बोलायचो. भोंगा बाहेर खांबावर. अख्ख्या तालुक्याला माझा आवाज ठाऊक. एकदा एक बाई आली, लेकीच्या बाळंतपणाला निघालेली. तिची गाडी चुकली होती. मी दुसरी गाडी थांबवून भोंग्यावरनं तिला बोलवलं, गाठोड्यासकट बसवलं. जाता जाता ती जाळीतनं आत वाकून बघती तर मी. म्हणते, 'अगं बया, आत माणूस असतोय व्हय.'"

वहिनींनी ही गोष्ट पुष्कळदा ऐकली असणार, पण ती संपेपर्यंत त्या थांबल्या. रिकामे कप उचलून आत गेल्या.

मी उदार झालो असं कृपा करून कुणी समजू नये. पुण्याची थेट गाडी पावणेपाचला होती आणि ती चुकली तर साताऱ्यात उतरून बदलावी लागली असती. मी शेवटचं पान काढलं, रंगरावांना दिसणार नाही असं मांडीवर धरलं, एका नावावर रेघ मारली आणि वर दुसरं लिहिलं.

"ह्या लेखाच्या कामी बहुमोल साहाय्य केल्याबद्दल," मी वाचलं, "श्री. रंगराव शिंगटे, कोरेगाव, यांचे लेखक आभारी आहेत."

त्यांनी ती ओळ मला पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाले, "म्हंजे मी पेशंट हाय हे कळणार न्हाई."

"नाही कळणार."

"मग लोकांना काय वाटंल?"

"तुम्ही डॉक्टरांना मदत केलीत असं."

"म्हंजे ऑपरेशनला?"

"तसंही कुणाला वाटू शकेल."

रंगरावांनी ह्यावर नीट विचार केला. "हे त्याच्यापेक्षा बेस," ते म्हणाले आणि सही केली. सही करताना आतल्या बाजूला वळून घोषणा झाली, "अगं, मी डॉक्टरला मदत केली." आतून उत्तर आलं, "भांडी घासाय कवा करताय?"

गाडी मिळाली. खिडकीशी बसून मी स्वतःला समजावलं की हे त्यागाचं कृत्य आहे, आणि त्याग कुणाला सांगायचा नसतो. पुण्यात उतरेपर्यंत तो माझा शेजारच्या प्रवाशाला सांगून झाला होता. प्रवासी झोपला होता.

डॉ. तासगावकरांना मी बदल कळवला तेव्हा ते म्हणाले, "केळुसकर, तुमचं नाव गेलं की हो."

"गेलं."

"पुढच्या लेखात घालू," ते म्हणाले. मग काहीतरी आठवून विचारलं, "तो अपेंडिक्सचं काही बोलला का?"

शालनला सांगणं जास्त अवघड होतं. तिने सगळं ऐकून घेतलं, तंबाखूपासून भोंग्यापर्यंत. मला वाटलं ती म्हणेल, मी तेव्हाच म्हणत होते. ती म्हणाली, "तुमच्या मेहुण्याला काय सांगणार?"

"सांगेन की छपाईत राहिलं."

"नको," ती म्हणाली. "त्याला खरं सांगा. त्याला कळणार नाही, पण खरं सांगा."

मी खरं सांगितलं. मेहुणा म्हणाला, म्हणजे नाव येणारच नव्हतं तर.

लेख छापून आला. डॉक्टर प्राध्यापक झाले आणि त्यांनी पेढे पाठवले, त्यावर कुणाचंच नाव नव्हतं. मासिकाच्या दोन प्रती माझ्याकडे आल्या. छपाईपूर्वीची तपासणी मीच केली होती आणि त्या शेवटच्या ओळीवरून इतक्या वेळा नजर फिरवली होती की लेखात दुसरीकडे एक आकडा चुकला तो तसाच राहिला. शिंगटे मात्र शिंगटेच होते, रंगराव रंगरावच होते.

प्रत कुरियरने पाठवता आली असती. पण कुरियरवाले गावात घर शोधत नाहीत, असं मी शालनला सांगितलं. ती म्हणाली, डबा देते.

ह्या खेपेला ओट्यावर खुर्च्या दोन होत्या. रंगरावांनी मासिक दोन्ही हातांनी घेतलं. इंग्रजी वाचायला त्यांना वेळ लागला, पण ते शेवटापासून वाचत असल्यामुळे लगेच पोचले. नावावर बोट ठेवून त्यांनी वहिनींना दाखवलं. वहिनींनी पदराला हात पुसून त्याच जागी बोट ठेवलं.

"हे विलायतेत गेलं?" त्यांनी विचारलं.

"सगळीकडे गेलं."

"तिथली माणसं वाचत असतील?"

आभाराची ओळ जगात कुणीही वाचत नाही हे मला धंद्यामुळे पक्कं माहीत होतं. "वाचतात," मी म्हणालो.

लेख छापून एकाच पानात मावला होता; ते पान घेऊन रंगराव चौकातल्या फ्रेमवाल्याकडे गेले. मला म्हणाले, बसा, जेवूनच जायचं. ते येईपर्यंत वहिनींनी मला आत बसवून पिठलं टाकलं आणि त्या विचारत राहिल्या की हा सगळा कागद तुम्हीच लिहिला का. मी म्हणालो, डॉक्टरांनी सांगितलं, मी लिहिला. त्या म्हणाल्या, म्हंजे तुम्हीच लिहिला.

रंगराव फ्रेम काखेत धरून परतले, तेव्हा वहिनींनी त्यांना दारातच गाठून काहीतरी सांगितलं. काचेखाली ते एक पान, पोटाचा फोटो आणि खाली ती ओळ. भिंतीवर निवृत्तीच्या दिवशीचा हारातला फोटो होता, त्याच्या शेजारी जागा मोकळी होती. तिथे फ्रेम धरून त्यांनी अंदाज घेतला, ती खाली भिंतीला टेकवून ठेवली आणि मागे येऊन लांबून पाहिलं. मग एकदम माझ्याकडे वळले.

"हिनं सांगितलं. हे सगळं तुम्ही लिहिलं?"

"हो."

"वरची नावं मी वाचली. खालचं माझं. तुमचं नाव कुठं हाय?"

"आमचं नसतं."

"का?"

"लिहिणाऱ्याचं नसतं, रंगराव."

 फ्रेम पुन्हा हातात घेऊन त्यांनी ती वरून खालपर्यंत शोधली, जणू मला दिसलं नसेल पण त्यांना दिसेल. नाही सापडलं. काच शर्टाच्या बाहीने पुसली. वहिनी पातेल्यावर झाकण ठेवून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलणार, आणि ते ऐकून मला रडू येणार, आणि माझी हरकत नव्हती. मी तयारीसुद्धा केली. चष्मा काढून हातात घेतला.

रंगराव आतल्या खोलीत गेले. काहीतरी सरकवल्याचा, शोधल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या एका हातात हातोडी होती, दातांत खिळा होता आणि दुसऱ्या हातात स्टूल होतं. त्यांनी ते भिंतीशी ठेवलं, हलवून पाहिलं, खिळा दातांतून काढला.

"साहेब," ते म्हणाले, "जरा स्टूल धरता का? एक पाय तोकडा हाय त्याचा."